फाईल-व्यवहारातील प्रतीक्षा आणि कर्नल थ्रेडचा खोळंबा : लिनक्स प्रणालीच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : कर्नल थ्रेड, फाईल-व्यवहार, प्रतीक्षा, कालमर्यादा, परस्परकोंडी

प्रस्तावना

संगणक ‘हँग झाला’ हा शब्दप्रयोग आज मराठी, वाणिज्य, रसायनशास्त्र अशा सर्वच विभागांतील प्राध्यापकांच्या तोंडी रुळलेला आहे. मात्र हँग होणे म्हणजे नेमके काय होणे, याचा विचार सहसा केला जात नाही. यंत्राचे बटण दाबून ते बंद-चालू करणे हाच त्यावरचा सर्वमान्य उपाय ठरलेला आहे. हा उपाय दर वेळी निरुपद्रवी नसतो, हे प्रस्तुत लेखकाला एका प्रात्यक्षिक परीक्षेत शिकावे लागले.

त्या दिवशी प्रयोगशाळेतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालत होती आणि विद्यार्थ्यांच्या फाईली एका मध्यवर्ती सर्व्हरवर होत्या. परीक्षा सुरू होऊन तास झाला असेल, तोच सर्व्हरमधील वीजपुरवठ्याचा भाग निकामी झाला. विद्यार्थ्यांच्या पडद्यावर माऊस हलत होता, कोपऱ्यातील घड्याळही पुढे सरकत होते. पण ज्याने ‘सेव्ह’ केले त्याची खिडकी गोठली. अडकलेला प्रोग्राम ‘किल’ आज्ञेने बंद करून पाहिला. तो जागचा हलला नाही. बहिःस्थ परीक्षक समोर बसलेले. अखेर आम्ही जवळजवळ निम्म्या यंत्रांची बटणे दाबली. पाऊण तासाने दुसरा भाग बसवून सर्व्हर सुरू झाला, तेव्हा ज्या यंत्रांना हात लावला नव्हता ती आपोआप जागी झाली आणि त्यांवरील फाईली जशाच्या तशा लिहिल्या गेल्या. बटण दाबलेल्या यंत्रांवरील न साठवलेले काम मात्र गेले. त्यांतील दोघांनी तर तासाभरात पहिल्यांदाच ‘सेव्ह’ केले होते.

ज्याला आम्ही बिघाड समजलो, ती वस्तुतः प्रणालीने पाळलेली शिस्त होती. तथापि हीच शिस्त चुकीच्या जागी पाळली गेली, तर एका संथ डिस्कपायी संपूर्ण यंत्र ठप्प होऊ शकते. फाईल-व्यवहारात प्रतीक्षा टाळता येत नाही. ती कोणत्या थ्रेडने करावी आणि कोणत्या थ्रेडने कदापि करू नये, एवढेच ठरविता येते. प्रस्तुत लेखात लिनक्सच्या आधारे याच मुद्द्याचे विवेचन करावयाचे आहे.

प्रतीक्षेचे स्वरूप

थ्रेड म्हणजे प्रोसेसरवर क्रमाने चालणारा आज्ञांचा एक प्रवाह. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती माहिती वाचक-शीर्षाखाली येण्यासाठी सरासरीने अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकविण्याचा वेळ वेगळाच. तेवढ्या अवधीत आजचा प्रोसेसर कोट्यवधी आज्ञा पार पाडू शकतो. म्हणून वाचनाची मागणी करणाऱ्या थ्रेडला कर्नल झोपवितो आणि प्रोसेसर दुसऱ्या थ्रेडच्या स्वाधीन करतो. येथपर्यंत काहीही वावगे नाही. थ्रेड झोपल्यामुळेच इतरांना काम करता येते.

ही झोप दोन प्रकारची असते. कळफलकावरील अक्षराची किंवा नेटवर्कवरील संदेशाची वाट पाहणारा थ्रेड सिग्नल आल्यास जागा होतो. ‘पीएस’ आज्ञेच्या उत्तरात त्याच्यापुढे ‘एस’ हे अक्षर दिसते. डिस्कची वाट पाहणारा थ्रेड मात्र बहुधा ‘डी’ स्थितीत असतो. या स्थितीत त्याला कोणताही सिग्नल जागे करू शकत नाही. ९ क्रमांकाचा सक्तीचा सिग्नलही नोंदला जातो, पण त्याची अंमलबजावणी थ्रेड जागा झाल्यावरच होते. आमच्या परीक्षेत ‘किल’ आज्ञा निष्प्रभ ठरली ती यामुळे.

असा हट्ट कशासाठी? मेमरीचा एक तुकडा डिस्कच्या नियंत्रकाला दिलेला असतो आणि तो प्रोसेसरला न विचारता त्यात थेट माहिती उतरवीत असतो. मधेच थ्रेड मारला आणि तो तुकडा दुसऱ्या कामास दिला, तर उशिरा आलेली माहिती परक्याच्या मेमरीवर लिहिली जाईल. शिवाय त्या थ्रेडने फाईलप्रणालीची काही कुलपे घेतलेली असतात. ती तशीच अडकून राहिली तर पुढे येणारा प्रत्येक जण त्यांच्यापाशी थबकेल. डिस्कचे उत्तर लवकरच येईल या गृहीतकावर ही अखंड झोप सुरक्षित मानली गेली. युनिक्सच्या आरंभकाळात, जेव्हा डिस्क यंत्राच्याच पेटीत किंवा शेजारच्या कपाटात असे, तेव्हा हे गृहीतक योग्यच होते.

त्याला तडा गेला तो १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकसित केलेल्या ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’मुळे, तिलाच आपण एनएफएस म्हणतो. प्रोग्रामच्या दृष्टीने फाईल तीच, आज्ञाही त्याच. पण डिस्क आता केबलच्या दुसऱ्या टोकाला होती. केबल तुटली की ‘लवकरच’ या शब्दाला अर्थ उरत नाही. पुढे मोबाईल फोनमधील कार्ड, यूएसबी पेटी, दूरस्थ साठवण अशा साधनांची भर पडत गेली, पण झोपेचा नियम जुनाच राहिला.

येथे अध्यापनात वारंवार आढळणारा एक गैरसमज नोंदविणे आवश्यक वाटते. ‘फाईल उघडताना नॉनब्लॉक हा पर्याय दिला की प्रोग्राम थांबत नाही,’ असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनदिक्कत लिहितात, आणि काही मार्गदर्शक पुस्तकेही तसे सुचवितात. नेटवर्क-जोडणी व पाईप यांच्याबाबत ते खरे आहे. डिस्कवरील साध्या फाईलबाबत लिनक्समध्ये या पर्यायाचा व्यवहारात उपयोग होत नाही. ‘पोल’ ही प्रणाली-आज्ञा साध्या फाईलला सदैव ‘तयार’ म्हणूनच घोषित करते, आणि नंतर केलेले वाचन खुशाल डिस्कची वाट पाहत बसते.

कर्नलचे स्वतःचे थ्रेड

वरील विवेचन वापरकर्त्याच्या प्रोग्रामविषयी झाले. एक प्रोग्राम अडकला तर एक माणूस अडकतो. परंतु कर्नलला स्वतःचीही नित्याची कामे असतात. मेमरीतील बदललेली पाने डिस्कवर उतरविणे, मोकळी मेमरी मिळविणे, फाईलप्रणालीची रोजकीर्द ठेवणे ही त्यांपैकी काही. ती करण्यासाठी कर्नल स्वतःचे थ्रेड बाळगतो, आणि त्यांच्या खोळंब्याचे परिणाम वेगळ्या प्रतीचे असतात.

आपल्या परिचयाचेच उदाहरण घ्यावयाचे तर महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकी डोळ्यांपुढे आणावी. एका विद्यार्थ्याच्या स्थलांतर प्रमाणपत्रासाठी लिपिकाने विद्यापीठात फोन लावला आणि उत्तर येईपर्यंत रिसीव्हर कानाला धरून तो बसून राहिला. ज्याचे प्रमाणपत्र आहे त्याने थांबणे न्याय्य आहे. पण त्याच्या मागे केवळ बोनाफाईडवर सही हवी असलेले तीस विद्यार्थी उभे आहेत, आणि त्यांच्या कामाचा विद्यापीठाशी काडीचाही संबंध नाही. कर्नल थ्रेड हा असा खिडकीवरचा लिपिक होय.

लिनक्सच्या २.६ मालिकेतील ‘पीडीफ्लश’ हे याचे बोलके उदाहरण. बदललेली पाने डिस्कवर उतरविण्यासाठी या नावाचे किमान दोन व कमाल आठ थ्रेड संपूर्ण यंत्रात मिळून असत. कोणता थ्रेड कोणत्या डिस्कचे काम करील याचे बंधन नव्हते. एखादे साधन अतिशय संथ असेल, तर त्याच्या मागणी-रांगेत जागा होण्याची वाट पाहत एकेक थ्रेड अडकत जाई, आणि शेजारची वेगवान डिस्क मोकळी असूनही तिच्याकडे पाहण्यास कोणी उरत नसे. गर्दी असलेल्या साधनाकडे जाण्याचे टाळावे अशी युक्ती त्यात योजलेली होती. पण ती केवळ अंदाजावर चाले. डिसेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.३२ आवृत्तीत येन्स अ‍ॅक्सबो यांच्या कामातून ही सामाईक रचना मोडीत निघाली आणि प्रत्येक साधनास स्वतंत्र थ्रेड देण्यात आला. संथ साधनाचा थ्रेड आजही थांबतोच, पण तो केवळ आपल्याच साधनासाठी थांबतो. या बदलाने एकही डिस्क वेगवान झाली नाही, ही बाब विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. प्रतीक्षेची केवळ जागा बदलली.

कर्नल थ्रेडबाबत आणखी एक अडचण आहे, आणि ती चालक-प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या सहसा उशिरा ध्यानात येते. कर्नल थ्रेड मुळातच सिग्नल जुमानत नाहीत. त्यांना थांबविण्याची रीत म्हणजे ‘के-थ्रेड-स्टॉप’ ही क्रिया. ती थ्रेडसाठी एक खूण ठेवते, त्याला उठविते आणि तो संपेपर्यंत स्वतः वाट पाहते. थ्रेडने अधूनमधून ती खूण तपासावी, अशी अपेक्षा असते. जो थ्रेड फाईलच्या वाचनात अडकला आहे तो खूण तपासणार कधी? परिणामी त्याला थांबवू पाहणारा थ्रेडही त्याच्यामागे अडकतो. ड्रायव्हर काढून टाकण्याची आज्ञा देणाऱ्या व्यवस्थापकाचा टर्मिनल गोठतो, पुढे यंत्र बंद करण्याची प्रक्रियाही तेथेच येऊन थबकते आणि मूळचा एक खोळंबा साखळीसारखा लांबत जातो.

म्हणूनच कर्नलच्या आतून फाईल वाचू अथवा लिहू नये, असा संकेत रूढ आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००५ साली ‘लिनक्स जर्नल’मध्ये कर्नलमध्ये करू नयेत अशा गोष्टींवर लेख लिहिताना नेमका हाच विषय घेतला होता. फाईल कोठे असेल व कोणत्या स्वरूपात असेल हे ठरविणे वापरकर्त्याच्या बाजूचे काम आहे. कर्नलने माहिती मागून घ्यावी, स्वतः शोधत जाऊ नये. ड्रायव्हर शिकू पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात सेटिंगची फाईल कर्नलमधून वाचण्याचा मोह होतो. सेटिंगसाठी सिसएफएसची वाट उपलब्ध असताना तो आवरलेला बरा.

प्रतीक्षा वेगळी काढण्याच्या रीती

काही ठिकाणी कर्नलला फाईल-व्यवहार करावाच लागतो. तेथे सर्वांत भरवशाची रीत म्हणजे सेवा देणारा थ्रेड आणि वाट पाहणारा थ्रेड वेगळे ठेवणे. लिनक्समध्ये यासाठी ‘वर्कक्यू’ म्हणजे कामांची रांग असते. मुख्य थ्रेड काम रांगेत टाकून मोकळा होतो; रांगेमागील कामगार-थ्रेड ते उचलतो आणि झोपायचेच असेल तर तो झोपतो. ऑक्टोबर २०१० मधील २.६.३६ आवृत्तीत तेजुन हेओ यांनी या यंत्रणेची पुनर्रचना केली. तिच्यात कामगार झोपी गेल्याची वर्दी नियोजकाकडून मिळते आणि रांगेत काम शिल्लक असल्यास दुसरा कामगार लगेच उठविला जातो. एक लिपिक फोनवर अडकला की दुसऱ्याने खिडकीवर येऊन बसावे, तसे हे आहे.

मात्र कामगार वाढविण्यासाठी मेमरी लागते, आणि मेमरीच संपलेली असेल तर? मेमरी मोकळी करण्यासाठी फाईल लिहावी लागते आणि फाईल लिहिणाऱ्या कामगारासाठी मेमरी लागते, अशी कोंडी तयार होते. म्हणून मेमरी मोकळी करण्याच्या मार्गात येणाऱ्या रांगांसाठी एक राखीव ‘बचाव-थ्रेड’ आधीच निर्माण करून ठेवता येतो. ही तरतूद एका खुणेने मागावी लागते. ती खूण विसरल्यास चाचणीत काहीही बिघडत नाही; बिघडते ते भर कामात, मेमरीची टंचाई झाल्यावर.

याच कोंडीचे अधिक सुबक उदाहरण ‘लूप’ साधनात दिसते. एखाद्या फाईललाच डिस्क मानून तिच्यावर दुसरी फाईलप्रणाली बसविण्याची ही सोय आहे. सीडीची प्रतिमा उघडताना आपण तीच वापरतो. लूपचा थ्रेड मूळ फाईलीत लिहू लागतो आणि त्याला थोडी मेमरी लागते. मेमरी कमी असल्याने कर्नल ठरवितो की बदललेली काही पाने आधी डिस्कवर उतरवावीत. ती पाने नेमकी लूपवरील फाईलप्रणालीचीच असतात, आणि ती उतरविणार कोण, तर तोच थ्रेड, जो मेमरीसाठी थांबला आहे. थ्रेड स्वतःचीच वाट पाहू लागतो. यावर कालमर्यादेचा इलाज चालत नाही. ‘मला मेमरी दे, पण ती मिळविण्यासाठी पुन्हा फाईल-व्यवहारात शिरू नकोस’ असे मागणीतच नमूद करावे लागते, आणि लूपचा ड्रायव्हर मूळ फाईलीसाठी नेमके तेच करतो. पूर्वी हे बंधन प्रत्येक मागणीवर स्वतंत्रपणे लिहावे लागे. २०१७ सालच्या ४.१२ आवृत्तीपासून फाईलप्रणालीपुरते हे बंधन थ्रेडच्या एका संपूर्ण टप्प्यास एकदाच लावता येऊ लागले, आणि लिहायचे राहून जाण्याचा धोका कमी झाला.

कालमर्यादेचा उल्लेख आला म्हणून तिच्याविषयीही थोडे सांगणे भाग आहे. अमुक वेळात उत्तर न आल्यास पुढे जावे, अशी प्रतीक्षा कर्नलमध्ये सहज लिहिता येते. स्काझी डिस्कच्या आज्ञेसही लिनक्समध्ये सर्वसाधारणपणे ३० सेकंदांची मर्यादा असते. नवख्याचा कल साहजिकच सर्वत्र अशी मर्यादा लावण्याकडे असतो. परंतु वेळ संपली म्हणजे काम रद्द झाले, असा अर्थ होत नाही. आपण उठून गेलो तरी साधन अजून त्या मेमरीत लिहिण्याच्या तयारीत असू शकते. त्या मेमरीचा तुकडा थ्रेडच्या स्वतःच्या स्टॅकवर असेल, तर फंक्शन संपताच ती जागा दुसऱ्याची होते आणि उशिरा आलेले उत्तर तेथे विध्वंस करते. म्हणून मर्यादा ओलांडल्यावर आधी साधनाकडून मागणी अधिकृतपणे परत घ्यावी, ते शक्य नसेल तर मेमरी मोकळी करूच नये. हँग झालेले यंत्र निदान दिसते तरी. बिघडलेली मेमरी आठवडाभराने भलत्याच ठिकाणी प्रकट होते. या दोहोंत निवड करावी लागली, तर प्रस्तुत लेखक हँग होणे पत्करील.

वापरकर्त्याच्या प्रोग्रामसाठी या सर्वांची एकत्रित सोय मे २०१९ मधील ५.१ आवृत्तीत ‘आयओ-युरिंग’ या नावाने आली. तिचे कर्तेही अ‍ॅक्सबोच. प्रोग्रामने मागण्या एका चक्राकार रांगेत ठेवाव्यात आणि उत्तरे दुसरीतून उचलावीत. कर्नल आधी न थांबता काम होते का ते पाहतो; न झाल्यास प्रतीक्षा वेगळ्या कामगार-थ्रेडकडे सोपवितो. पूर्वीची असमकालिक पद्धत साध्या, म्हणजे मेमरीतील साठ्यातून जाणाऱ्या, फाईल-व्यवहारात अनेकदा मागणी नोंदवितानाच थांबून राही. ती उणीव येथे भरून निघाली. तथापि या सोयीत सुरक्षेच्या त्रुटीही बऱ्याच सापडल्या, आणि गूगलने २०२३ साली आपल्या क्रोमओएसमध्ये ती बंद केल्याचे जाहीर केले.

थांबावे की त्रुटी द्यावी

आता आमच्या परीक्षेकडे वळता येईल. त्यानंतरच्या बैठकीत एका सहकाऱ्यांनी सुचविले की एनएफएसची जोडणी ‘हार्ड’ऐवजी ‘सॉफ्ट’ करावी, म्हणजे यंत्रे पुन्हा अडकणार नाहीत. सूचना तांत्रिकदृष्ट्या अचूक होती. हार्ड जोडणीत सर्व्हर परत येईपर्यंत मागणी पुनःपुन्हा पाठविली जाते. सॉफ्ट जोडणीत ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामला त्रुटी कळविली जाते. पण त्रुटी कळविली म्हणजे प्रोग्रामने ती ऐकली असे नव्हे. लिहिलेला मजकूर आधी मेमरीत साठतो व नंतर सर्व्हरकडे जातो. त्रुटी उमटते तोवर प्रोग्रामने ‘साठविले’ असे दाखवून खिडकी मिटलेलीही असू शकते. एनएफएसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही सॉफ्ट जोडणीमुळे काही प्रसंगी कोणालाही न कळता माहिती दूषित होऊ शकते, असा इशारा दिलेला आहे. त्या दिवशी जोडणी सॉफ्ट असती, तर बटण न दाबलेल्या यंत्रांवरील फाईलीही अर्धवट राहिल्या असत्या, आणि ते आम्हाला गुण देताना कळले असते.

या पेचातून एक मधला मार्ग निघाला आहे. एप्रिल २००८ मधील २.६.२५ आवृत्तीत मॅथ्यू विल्कॉक्स यांनी ‘किलेबल’ ही तिसऱ्या प्रकारची झोप आणली. तिच्यात किरकोळ सिग्नलने थ्रेड उठत नाही. केवळ प्राणघातक सिग्नलनेच उठतो. यामागील युक्तिवाद मला फार समर्पक वाटतो. मधेच उठविलेल्या प्रोग्रामला अर्धवट वाचन हाताळता येईलच असे नाही, म्हणून त्याला उठवू नये. पण जो प्रोग्राम मरणारच आहे, त्याला अर्धवट उत्तर दिले तरी ते पाहण्यास तो उरत नाही. एनएफएसने ही झोप स्वीकारली आणि त्यानंतर तिचा पूर्वीचा ‘इंटर’ हा पर्याय निरर्थक झाला. सर्वच वाटांवर मात्र हा बदल झालेला नाही, आणि सिग्नल न जुमानणाऱ्या कर्नल थ्रेडला त्याचा काहीच लाभ नाही. त्यांच्यासाठी वर सांगितलेली विभागणीच कामी येते.

खोळंब्याचा शोध

लिनक्समध्ये ‘के-हंग-टास्क-डी’ नावाचा एक पहारेकरी थ्रेड असतो. एखादा थ्रेड १२० सेकंदांहून अधिक काळ ‘डी’ स्थितीत राहिल्यास तो त्याची नोंद लॉगमध्ये करतो व थ्रेड कोणत्या फंक्शनमध्ये अडकला आहे त्याची साखळीही छापतो. किलेबल झोपेतील थ्रेड तो मोजत नाही, कारण त्यांची सुटका शक्य असते. ‘सिसआरक्यू’ कळीसोबत ‘डब्ल्यू’ दाबल्यास अडकलेल्या सर्व थ्रेडची यादी तत्काळ मिळते. लिनक्सच्या भार-सरासरीत १९९३ पासून ‘डी’ स्थितीतील थ्रेडही मोजले जातात. त्यामुळे प्रोसेसर रिकामा असताना भार ४० दिसू लागला, तर दोष डिस्ककडे किंवा नेटवर्ककडे शोधावा.

आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या फाईलींची जोडणी आजही हार्ड आहे. केवळ वाचनासाठी असलेले प्रोग्राम व संदर्भ-फाईली यांची जोडणी तेवढी सॉफ्ट केली, कारण तेथे हरवण्यासारखे काही नाही. सर्व्हरला वीजपुरवठ्याचा दुसरा भाग कायमचा बसविला. प्रत्येक यंत्रावर एक चिठ्ठीही चिकटविली आहे : ‘पडदा गोठल्यास बटण दाबू नये, शिक्षकांना सांगावे.’ विद्यार्थी ती पाळतात. बहिःस्थ परीक्षकांना मात्र दर वर्षी नव्याने समजावून सांगावे लागते.